कच्चे कैदी, पक्क्या भिंती

राज्यातील तुरुंगांत आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही, याविषयी कोणाचे दुमत नाही. शासनाला ही वस्तुस्थिती मान्य आहे, उच्च न्यायालयाने तिच्यावर वारंवार बोट ठेवले आहे, आणि ज्यांना या ना त्या कारणाने तुरुंगाचा उंबरठा ओलांडावा लागला त्यांना ती वेगळी सांगण्याची गरज नाही. मतभेद आहे तो उपायाविषयी. शासनाच्या मते उपाय सरळ आहे. जागा कमी पडते, तेव्हा जागा वाढवावी. मुंबईत मानखुर्दच्या बाजूला नवा मोठा तुरुंग उभारावा. हिंगोली, गोंदिया, पालघर अशा नव्या जिल्ह्यांना त्यांचे स्वतंत्र तुरुंग द्यावेत. अशा योजना गेल्या काही वर्षांत वेळोवेळी बोलल्या गेल्या. जिल्हा झाला की जिल्हाधिकारी कचेरी येते, पोलीस अधीक्षक येतात, जिल्हा रुग्णालय येते. मग तुरुंगानेच काय पाप केले, असा हा हिशेब आहे. वरवर पाहता त्यात चूक दिसत नाही. पण आज तुरुंगात बसलेली माणसे नेमकी कोण आहेत, एवढा एकच प्रश्न विचारला की हा हिशेब कोलमडू लागतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील सर्व तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसे होती. तेथील जागा होती ४,३६,२६६ जणांची. या माणसांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. देशभरच्या तुरुंगांची जेवढी क्षमता आहे, जवळजवळ तेवढेच कच्चे कैदी त्यांत आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी तुरुंग बांधले, त्या शिक्षा झालेल्या अपराध्यांना तेथे वस्तुतः जागाच नाही. ते दाटीवाटीने, उपऱ्यासारखे राहतात. महाराष्ट्राची स्थिती याहून वाईट आहे. त्याच वर्षअखेर राज्यातील तुरुंगांत सुमारे ४१ हजार माणसे होती, जागा सुमारे २५ हजारांची, आणि कच्चे कैदी जवळजवळ ३३ हजार. उद्या काही चमत्कार होऊन राज्यातील प्रत्येक शिक्षा झालेला कैदी सुटला, तरीही आपले तुरुंग ओसंडून वाहत राहतील. उलट, कच्च्या कैद्यांपैकी निम्मे जरी जामिनावर घरी गेले, तर एक वीटही न रचता गर्दी संपते. हे साधे वजाबाकीचे गणित आहे. ते मंत्रालयातील अधिकाऱ्यांना येत नाही असे नव्हे. परंतु वजाबाकीचे भूमिपूजन करता येत नाही, ही त्यातील अडचण असावी.

'कच्चा कैदी' हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या समजुतीने घडविला आहे. कच्चा म्हणजे अजून न ठरलेला, न पिकलेला, ज्याच्याविषयी शेवटचा शब्द उच्चारला गेला नाही असा. कायद्याच्या दृष्टीने तो तुमच्या-आमच्याइतकाच निर्दोष आहे. त्याला कोठडीत ठेवण्याची कारणेही कायद्याने मोजकीच मानली आहेत. तो पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील किंवा पुन्हा गुन्हा करील, असे सबळ भय असले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र हजारो माणसे यांपैकी कोणत्याही भयामुळे आत नाहीत. ती आत आहेत कारण त्यांना जामीनदार मिळत नाही.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मुंबईच्या तुरुंगापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या नायगावचेच उदाहरण घेऊ. (हे नायगाव नांदेड जिल्ह्यातले, बिलोली तालुक्यातून वेगळे झालेले, सावित्रीबाईंचे नायगाव वेगळे, हे सांगावे लागते.) समजा, येथील एखाद्या भूमिहीन मजुराला शेतातील विद्युतपंपाची केबल चोरल्याच्या संशयावरून पकडले. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नसून अपवाद असावा, आणि अटक केलीच तर पोलिसांनी तिची कारणे लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले होते. परंतु ठाण्यात अटक होते ती सवयीने, आणि कारणांचा छापील तक्ता मागाहून भरला जातो. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. वकील लावायचा तर आधी उसनवारी. वकील लागला, अर्ज झाला आणि दंडाधिकाऱ्यांनी पंधरा हजारांच्या जामिनावर मुक्ततेचा आदेशही दिला, असे धरू. येथवर कोणाचाच दोष नाही. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते.

जामीनदार म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला मिळू शकतो, आणि जो एका मजुरासाठी आपली जमीन अडकवून घ्यायला तयार आहे असा माणूस. भूमिहीनाच्या नात्यागोत्यात असे किती असतात? त्याचा भाऊ भूमिहीन, मेहुणा भूमिहीन, शेजारी भूमिहीन. ज्याच्या शेतावर तो राबतो त्या मालकाने जामीन राहावे, तर कदाचित केबल त्याचीच गेलेली असते. मग न्यायालयाच्या आवारात घुटमळणाऱ्या धंदेवाईक जामीनदारांकडे वळावे लागते. त्यांचा दर वेगळा. तो न परवडला तर आदेश कागदावर आणि माणूस गजांआड. त्याच्या बायकोला नायगावहून नांदेडला जाऊन भेट घ्यायची तर सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास, दिवसाची मजुरी बुडालेली, आणि जाळीपलीकडून ओरडून बोललेली चार वाक्ये. अशा भेटी हळूहळू कमी होतात. पोरांची शाळा सुटते. हे शिक्षकांना सांगायला नको. हजेरीपटावरून नाव का गळाले याचे कारण त्यांना पुष्कळदा ठाऊक असते.

मुखेड, कंधार, नायगावकडची माणसे हंगाम संपला की बांधकामावर आणि वीटभट्ट्यांवर हैदराबाद, निजामाबाद, पुण्याच्या वाटेने लागतात. त्यांच्यापैकी कोणी तिकडे पकडला गेला तर अवस्था आणखी बिकट होते, कारण न्यायालये स्थानिक जामीनदार मागतात. या दुराग्रहावर प्रहार होऊन आता जवळजवळ अर्धे शतक लोटले. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. प्रकरण पुन्हा वर गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले, आणि एका प्रांतातला भारतीय दुसऱ्या प्रांतात परका ठरतो काय, असा रोखठोक प्रश्न विचारला. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारमधील हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे जे उघडकीस आले त्याने देश हादरला. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा भोगावी लागली असती, त्याहून अधिक काळ काही माणसे खटला न चालता तुरुंगात होती. जलद न्याय हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, असे तेव्हा ठरले. १९८० साली नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला आणि कच्च्या कैद्यांची संख्या अगदी कमीत कमी राखावी, असे सांगितले. निवाडे झाले, अहवाल झाले. त्यांचे दाखले वकिलीच्या परीक्षेत आजही विचारले जातात. नायगावच्या मजुराला मात्र सातबारा मागणे चालूच आहे.

या सर्व प्रकरणात एक प्रसंग मुद्दाम आठवावा असा आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधानदिनाच्या समारंभात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयात बोलत होत्या. लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून त्यांनी क्षुल्लक कारणांवरून वर्षानुवर्षे तुरुंगात पडलेल्या, घरच्यांनी विसरून टाकलेल्या गरिबांविषयी बोलायला सुरुवात केली. गर्दी झाली म्हणून आणखी तुरुंग बांधावे लागतील असे म्हणतात. पण आपण विकासाकडे चाललो असू तर तुरुंग वाढविण्याची गरज काय, ते कमी व्हायला हवेत, अशा आशयाचे त्या बोलल्या. समोर सरन्यायाधीश होते, कायदामंत्री होते. ओडिशातील एका आदिवासी खेड्यातून आलेल्या बाईंनी देशाच्या सर्वोच्च पदावरून हे सांगितले याला महत्त्व आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्याचा परिणाम झाला. तीन-चार दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने, जामीन मंजूर होऊनही आत असलेल्या कैद्यांची माहिती राज्यांकडे मागितली. ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश निघाले. जामीन मिळाल्यानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने आपण होऊन करावा. आणि अशा प्रकरणांत स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. मोतीरामच्या निवाड्यातील तत्त्व पंचेचाळीस वर्षांनी कार्यपद्धतीत उतरले, असे म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांना जामिनाच्या रकमेसाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आणली. ती राज्यांनी पुरेशी वापरली नाही, अशी तक्रार पुढे खुद्द केंद्रालाच करावी लागली. पैसा आहे, पण तो मागणारा कारकून नाही. तुरुंग बांधणीचा निधी मात्र असा पडून राहिल्याचे क्वचितच ऐकू येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली तरतूद आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याचा नियम आधीपासून होता; आता पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यासाठी तो एक तृतीयांशावर आला आहे. देहान्त किंवा जन्मठेपेचे गुन्हे अर्थातच वगळले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू केली. आपल्या केबलचोरीच्या संशयिताला ती लावून पाहू. तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. म्हणजे चोरी सिद्ध झालेली नसताना वर्षभर आत राहिल्यावर त्याला सुटकेचा हक्क मिळतो, आणि याला आपण सुधारणा म्हणतो! शिवाय त्याच कलमात एक पाचर आहे. आरोपीवर एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील तर हा लाभ नाही. पोलीस ठाण्याचा व्यवहार ज्यांना थोडाफार माहीत आहे त्यांना सांगायला नको, की गरीब संशयिताच्या नावावर एकच गुन्हा राहू देणे सहसा कोणाच्या हिताचे नसते. तालुक्यात न उलगडलेल्या चार चोऱ्या असल्या तर त्या कोणाच्या तरी माथी मारून निकालात काढाव्या लागतात. पारधी, वडार अशा भटक्या-विमुक्त जमातींतील माणसाच्या बाबतीत हे विशेष खरे. १८७१ च्या कायद्याने त्यांच्या कपाळी मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला गेला. पण तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून तो निघावा यासाठी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

नवा तुरुंग बांधला तर निदान गर्दी तरी कमी होईल ना? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची जुनी क्षमता ८०४ जणांची. तेथील लोंढा आवरेना, म्हणून २००८ च्या सुमारास नवी मुंबईत तळोजा येथे नवा मध्यवर्ती तुरुंग सुरू झाला. त्याची क्षमता दोन हजारांवर. काही वर्षांतच तळोजा भरला, क्षमता ओलांडून गेला, आणि आर्थर रोडची गर्दी हटली नाही ती नाहीच. क्षमतेच्या तिपटी-चौपटीच्या बातम्या तेथून येतच राहिल्या. धरण बांधले की पाणी साठते तसे हे आहे. जागा असली की दंडाधिकाऱ्याचा हात कोठडीचा आदेश लिहिताना अडखळत नाही, पोलिसाला अटक टाळण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेने हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९७० च्या दशकापासून तेथे तुरुंगांमागून तुरुंग उभे राहिले आणि कैद्यांची संख्या काही लाखांवरून या शतकाच्या आरंभापर्यंत वीस लाखांच्या वर गेली. अमेरिकन माणूस त्या प्रमाणात अधिक सुरक्षित झाला, असे तेथील अभ्यासकही ठामपणे म्हणत नाहीत. आपल्याकडे उलटा प्रयोग अनिच्छेने झाला तो २०२० साली. करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यात उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि दहा हजारांहून अधिक कैदी तात्पुरत्या जामिनावर वा रजेवर बाहेर आले. त्यांतील काही मुदतीत परतले नाहीत, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण राज्यात हाहाकार माजला नाही. यांतील अनेकांना आधीही सोडता आले असते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

तुरुंगवाढीला विरोध करणाऱ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज आत असलेली माणसे पाळीपाळीने झोपतात, संडासासाठी रांगा लावतात, खरूज आणि क्षयाने पछाडली जातात. त्यांना तुमचे जामिनाचे तत्त्वज्ञान काय कामाचे? त्यांना आज चार हात जागा हवी. हा आक्षेप माणुसकीचा आहे. त्याचे उत्तर असे, की मोडकळीस आलेल्या बराकी पाडून त्या जागी धड बराकी बांधाव्यात, संडास वाढवावेत, तुरुंगाच्या दवाखान्यात डॉक्टर नेमावा, स्त्री-कैद्यांच्या लहानग्यांसाठी सोय करावी; याला कोणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. विरोध आहे तो क्षमता वाढविण्याला, कारण वाढविलेली क्षमता याच माणसांना मिळत नाही, आणखी नव्या माणसांना आत ओढते. शिवाय इमारत बांधली म्हणजे तुरुंग चालत नाही. आहेत त्याच तुरुंगांत रक्षकांची, वैद्यकीय अधिकाऱ्यांची, समुपदेशकांची पदे रिकामी पडलेली आहेत. नव्या इमारतीत माणसे कोठून आणणार? जुन्या इमारतींतून काढूनच.

दुसरा आक्षेप फिर्यादीच्या बाजूने येतो. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याचे काय? ऐन रब्बीत पंप बंद पडला तर त्याचे नुकसान कोणत्याही कलमात मोजता येत नाही. त्याला चोराला शिक्षा झालेली पाहायची आहे, आणि हा त्याचा हक्कच आहे. परंतु त्याला आज काय मिळते? संशयित आत आहे म्हणून खटल्याची घाई कोणालाच नसते. तारखेवर तारीख पडते. आरोपीला न्यायालयात आणायला पोलीस पथक उपलब्ध नाही म्हणून तारीख. पंच हैदराबादला कामावर गेला म्हणून तारीख. तपासी अंमलदाराची बदली झाली म्हणून तारीख. पाच-सहा वर्षांनी साक्षीदाराला केबलचा रंगही आठवत नाही, आणि आरोपी निर्दोष सुटतो. तो खरोखर निर्दोष असेल तर त्याची वर्षे फुकट गेली. दोषी असेल तर फिर्यादीचा न्याय बुडाला. दोन्ही बाजूंनी जे बुडते ते न्यायाधीश वेळेवर न मिळाल्यामुळे. कायदा आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, असे सांगितले. तेव्हा ते दहाच्या आसपास होते. इतक्या वर्षांत ही संख्या जेमतेम विशीवर पोचली आहे. एका तुरुंगाच्या खर्चात किती न्यायालये, किती सरकारी वकील, किती पोलीस पथके आणि किती विधी साहाय्य वकील वर्षानुवर्षे पोसता येतील, याचा तुलनात्मक तक्ता शासनाने विधिमंडळापुढे ठेवावा, ही मागणी अवास्तव नाही.

जामीन हा कायद्याचा विषय आहे की ऐपतीचा, याचे एक बोलके उदाहरण आपल्या शेजारीच, धर्माबादेत घडले आहे. बाभळी बंधाऱ्याच्या वादात जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह हद्द ओलांडून आले आणि त्यांना अटक झाली. त्यांना धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या इमारतीत ठेवण्यात आले. जामीन घेण्यास त्यांनी बाणेदारपणे नकार दिला. शेवटी राज्य सरकारने मंडळींना औरंगाबादहून विमानात बसवून हैदराबादला पोचते केले. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, धर्माबाद न्यायालयाने त्या प्रकरणी वॉरंट काढले तेव्हा लोकांना ते आठवले. नायडूंना सोडले यात काही वावगे झाले असे आमचे म्हणणे नाही. राजकीय आंदोलकांना डांबून ठेवू नये, हेच योग्य. पण ज्यांना जामीन सहज मिळाला असता त्यांना तो नको होता, आणि ज्यांना तो जिवापाड हवा असतो त्यांना तो मिळूनही वापरता येत नाही, हे वैषम्य ज्या तालुक्यांच्या सीमेवर घडले तेथील लोकांनी तरी विसरू नये.

आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनातील तुरुंग हा बराचसा पुस्तकी आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिले, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. शाळेत आपण हेच शिकलो आणि हेच शिकविले. मराठवाड्यात तर स्वामी रामानंद तीर्थांपासून खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांपर्यंत एका सबंध पिढीने निजामाचा तुरुंग भोगला, आणि त्या तुरुंगवासाचे ताम्रपट अजून घरोघरी भिंतीवर आहेत. त्यामुळे तुरुंग म्हणजे त्यागाची जागा किंवा मग नराधमांची जागा, अशी दोनच चित्रे आपल्याला दिसतात. केवळ जामीनदाराअभावी आत राहिलेला तिसरा माणूस दिसत नाही. हैदराबाद संस्थानात विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्ध ज्या प्रदेशाने आवाज उठविला, त्याच प्रदेशात विनानिवाडा कैदेसाठी नव्या भिंती बांधण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी करावी, यात काही विपरीत आहे.

शिक्षा झालेल्यांच्या बाबतीतही उंच भिंत हा एकमेव मार्ग नाही, हे महाराष्ट्राने जगाला दाखवून दिले आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभारली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीवाचून, कुटुंबासह, शेती करून राहिली. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली त्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला, लेखन माडगूळकरांचे. चित्रपटाला देशोदेशी पारितोषिके मिळाली, पण त्याचा धडा शासनाने घेतला तो चमच्या-चमच्याने. मराठवाड्यात पैठणला खुले कारागृह झाले; जायकवाडीच्या उभारणीच्या काळातील ती गोष्ट. नायगाव, देगलूर, मुखेडकडील जन्मठेपेच्या कैद्याला हर्सूलच्या मध्यवर्ती तुरुंगात, सुमारे तीनशे किलोमीटर दूर जावे लागते आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला वर्षातून एकदाही तेथे पोचता येत नाही, ही खरी अडचण आहे. तिच्यासाठी नांदेड-लातूरच्या टापूत काही हवेच असेल तर गोदावरीच्या किंवा मांजरेच्या काठी शेतीवर चालणारी खुली वसाहत मागावी. ती बांधायला स्वस्त, चालवायला स्वस्त, आणि तेथून सुटलेला माणूस गावात परतताना हाताला काम घेऊन येतो.

मराठवाड्याच्या अनुशेषाचा उल्लेख या संदर्भातही होऊ लागला आहे, तो ऐकून हसावे की रडावे कळत नाही. दांडेकर समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष पैशांत मोजून दाखविला. त्यात तुरुंगांचे प्रकरण नव्हते. सिंचनाचा अनुशेष अजून भरायचा असताना हाच एक अनुशेष तेवढ्या तातडीने भरून निघावा, असे ज्यांना वाटते त्यांनी एक काम आधी करावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्देशांप्रमाणे, जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्यांची नावे नांदेड, लातूर, परभणी, हर्सूल येथील तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायची आहेत. अशी किती नावे आजवर गेली, त्यांतील किती माणसे बाहेर आली, आणि जी राहिली ती किती हजार रुपयांसाठी राहिली, हे आकडे नव्या तुरुंगाची निविदा निघण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावेत.